लेथवर कातलेल्या पेनावर जडावकाम: तार, शिंपला, चादरीचं कापड... काय कुठे बसतं?

शाईदौत
शिसव, बाभूळ, चिंच यांची साधी घुमवायची बॉलपेनं लेथवर व्यवस्थित निघतात. आता त्यांवर नक्षी हवी आहे. डोक्यात तीन गोष्टी आहेत: पितळी तार बसवून वेलबुट्टी, शिंपल्याच्या किंवा रंगीत दगडाच्या चुऱ्याचे पट्टे, आणि सोलापुरातच राहतो म्हटल्यावर चादरीचे कटपीस रेझिनमध्ये घालून त्याचं पेन. किट (आतली पितळी नळी, क्लिप, टोक असे पेनाचे तयार भाग) ७ मिमी नळीचं आहे, सगळ्यात बारीक मिळतं ते. पेन रोज खिशात राहणार, उन्हाळ्यात गाडीतही राहणार. या तिन्हींत टिकतं काय, आणि सुरुवात कशानं करावी?

कातारी
नक्षीच्या आधी भिंत मोजा. भिंत म्हणजे पितळी नळीच्या बाहेर उरणारं लाकूड. ७ मिमीच्या किटचं बुशिंग (लेथवर तुकड्याच्या टोकांशी लावायची कडी, तिच्या मापापर्यंत लाकूड उतरवायचं) साधारण ८.४ मिमी असतं. ८.४ मधून ७ गेले, उरलेल्याचे दोन भाग केले की ०.७ मिमी. त्यातच गोंदाचा थर आला. टोकांशी एवढ्या जागेत कोरणार काय? मध्ये पोट ठेवून ११ मिमीपर्यंत गेलात तर तिथे २ मिमी मिळतात, पण टोकाकडे उतरताना नक्षीही पातळ होत जाते आणि शेवटी नाहीशीच होते.

त्यापेक्षा १० मिमी ड्रिल लागणारं, सिगार आकाराचं जाड किट घ्या. लिहायच्या टोकाकडे साधारण १३ मिमी आणि मधल्या कडीशी १५, म्हणजे भिंत १.५ ते २.५ मिमी. मापं बनवणाऱ्यागणिक बदलतात, म्हणून हातात आलेलं बुशिंग स्वतः मोजा.

नक्षीचे तीन प्रकार आणि तिघांचं भिंतीशी नातं वेगळं. कोरून भरायची नक्षी (तार, चुरा) भिंतीच्या निम्म्याहून खोल नेऊ नका. किट दाबून बसवताना लाकूड त्या रेघेतूनच फाटतं. आरपार नक्षी (चकत्या, तिरके काप, गाठ) पूर्ण भिंतभर असते, तिथे खोलीचा प्रश्नच नाही, सांधा किती धरतो एवढंच बघायचं. नळीवर गुंडाळून वरून रेझिन ओतायची नक्षी (कापड, कागद) उलट्या बाजूनं मोजायची: कापडावर निदान १ मिमी रेझिन राहिलं पाहिजे, नाहीतर कातताना पटाशी दोऱ्यात शिरते.

कोरीव काम करताना तुकडा शेवटच्या मापापेक्षा १ मिमी जाड असताना थांबा, कोरा, भरा, मग उतरवा. इथे बरेच जण हिशेब चुकवतात. व्यासात १ मिमी उतरवला की खाचेतला अर्धा मिमी जातो. १.२ कोरलेत तर हातात ०.७ उरणार.

भीमाकाठ
व्हर्नियर (मिमीचे बारीक भाग मोजायचं साधन) नसेल तर नक्षीचं सामान घ्यायच्या आधी तो घ्या.

तारकस
तारेबद्दल. उत्तर प्रदेशात मैनपुरीला शिसमावर तारकशी करतात, तीच पद्धत पेनावर आणता येते, फक्त माप लहान. गोल तार घेऊ नका. सोनाराच्या रोलमधून काढलेली चपटी पितळी पट्टी लागते, ०.२ ते ०.३ मिमी जाड. ती उभी आत जाते. पेनासाठी पट्टीची रुंदी १ मिमीच्या आत ठेवा.

धारदार पातळ पात्यानं चीर द्यायची. लाकूड काढायचं नाही, नुसतं बाजूला सारायचं. पट्टीच्या दोन्ही अंगांवर बारीक कानस फिरवून ती खरबरीत करा, म्हणजे पकड येते. लहान वळणांसाठी पट्टी आधी मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करून घ्या. कडक पितळ वळणातून उसळी मारून बाहेर येतं. हलक्या हातोडीनं ठोकत नेऊन किंचित वर राहू द्या, मग ओल्या फडक्यानं पुसा. दबलेलं लाकूड फुगतं आणि तार धरतं. दुसऱ्या दिवशी, पूर्ण वाळल्यावर, कानशीनं सपाट करा.

वेलीची दिशाही महत्त्वाची. रेषेच्या बाजूनं, म्हणजे पेनाच्या लांबीत, सरळ लांब चीर देऊ नका. तार तिथे पाचरीचं काम करते आणि पातळ भिंत उभी तडकते. तिरकी चढत जाणारी वेल घ्या.

निबवाला
तारकस, फुगलेल्या लाकडाच्या पकडीवर मी अवलंबून राहणार नाही. पेटीच्या झाकणावर खोली भरपूर मिळते, इथे एक मिमीही नाही. शिवाय सोलापूरची एप्रिल-मेची हवा बघा, कोरडी ठणठणीत. लाकूड आकसतं, पितळ तेवढं आकसत नाही, आणि तारेची टोकं बोटाला लागायला लागतात. पातळ सीए (सायनोॲक्रिलेट, फेविक्विकच्या जातीचा गोंद) सोडलाच पाहिजे.

तारकस
मान्य, पण पाणी पूर्ण गेल्यावर. ओल्या लाकडात सीए गेला की तो पांढरा पडतो आणि शिसवात ती पांढरी रेघ पितळेपेक्षा आधी दिसते. थेंब तारेच्या टोकाशी ठेवायचा, तो आपण होऊन चिरेत ओढला जातो. बाटलीचं तोंड वेलीवरून फिरवायची गरज नाही. कडुनिंबासारख्या फिकट लाकडात मात्र सीए बाजूला पसरून गडद डाग पाडतो, तिथे कोरायच्या आधीच पृष्ठभागावर पातळ लाखेचा एक हात मारून घ्या.

दोरा_बॉबिन
चादरीवर येते, पण आधी एक धोक्याची गोष्ट. सुती कापडावर सीए, फेविक्विक वगैरे ओतू नका. सुती धाग्याशी त्याची प्रक्रिया इतक्या वेगानं होते की कापड चटका बसण्याइतकं तापतं, धूर निघतो, जास्त प्रमाणात असेल तर पेटूही शकतं. चादर सुतीच असते. पेनाला सीएचे हात देतानाही सुती चिंधी वापरायची नाही, कागदी नॅपकिन घ्यायचा. चादरीसाठी फक्त सावकाश वाळणारं इपॉक्सी.

आता नक्षी. जॅकार्डवरचा मोर किंवा फूल वीतभर असतं. १३ मिमीच्या पेनाचा घेर ४१ मिमी. मोराचा एक पायसुद्धा पुरा येणार नाही. म्हणून चादरीचं चित्र पेनावर आणायचा हट्ट सोडा आणि रंगांचे थर आणा. इंजिनिअरिंगच्या दुकानात कापडी हायलम मिळतं ना, त्याच तत्त्वावर. एकावर एक थर, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सी चोळून, वरखाली पॉलिथिन आणि सरळ फळ्या, चारही कोपऱ्यांना सी-क्लँप. दाबल्यावर २० मिमी जाडी यायला हवी. थर मोजत बसू नका, दाबून जाडीच मोजा. पूर्ण एक दिवस तसंच. मग २० मिमीच्या पट्ट्या कापा. लेथवर पोट आणि उतार दिलात की रंगाच्या रेघा वळतात, सरळ नळकांडं कातलंत तर नुसते पट्टे दिसतात. म्हणून या तुकड्याला आकार द्याच.

ओतायच्या आधी तीन कामं. एक, खळ काढा. कोऱ्या कापडात कांजी असते, ती रेझिनला आत शिरू देत नाही आणि मधला थर कोरडा राहून ड्रिल करताना पापुद्रा सुटतो. गरम पाण्यात धुवा, वाळवा. दोन, पुरतं वाळवा. सुती धाग्यात ओल राहते आणि तिचे बुडबुडे होतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवर काम होतं, पावसाळ्यात इस्त्री फिरवून लगेच वापरा. तीन, कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघा. ओलं झाल्यावर रंग जेवढा गडद दिसतो, साधारण तेवढाच रेझिनमध्ये दिसणार. मरून आणि बाटली-हिरवा दोन्ही काळे वाटतात. पांढरा, पिवळा, केशरी शेजारी ठेवा.

शाईदौत
आणि नळीवर एकच थर गुंडाळला तर?

दोरा_बॉबिन
चादर त्याला जाड आहे. १० मिमी नळीवर १ मिमी कापड म्हणजे १२. पेन १३ चं, मग वर फक्त अर्धा मिमी रेझिन. कातारींनी वर सांगितलेलं गणित लगेच अंगावर येतं. गुंडाळायला इरकलीचा किंवा जरीचा पातळ काठ घ्या. १० मिमी नळीचा घेर ३१.४ आहे, ३२ ची पट्टी कापा, कड कडेला भिडवा, एकावर एक चढवू नका. तो सांधा क्लिपच्या खाली येईल असा किट बसवताना फिरवा.

चाटी_गल्लीकर
कटपीस पायजेत तर नवी चादर फाडू नका की ओ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात काठाच्या कातरणी मागून बघा. आणि मागावर आडवा दोरा नेणारा जुना लाकडी धोटा मिळाला तर सोडू नका. लाकूड असलं घट्ट असतंय की कातल्यावर पॉलिश न लावताच चमकतंय.

कातारी
धोट्याबद्दल थोडं जास्त. टोकांना लोखंडी टोपी असते, आत खिळा किंवा स्प्रिंगची जागा असते. लोहचुंबक फिरवून बघितल्याशिवाय करवत लावायची नाही. वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं, त्यामुळे नळीचा गोंद धरत नाही. भोक पाडल्यावर आत ॲसिटोनचा बोळा फिरवा, उडून जाऊ द्या, मग २४ तासांचं अराल्डाइट. नळी १५० च्या पेपरनं आडवी-तिडवी खरवडलेली हवी. काही धोटे दाबून बनवलेल्या थरांच्या लाकडाचे असतात, ते ड्रिल करताना भयंकर तापतात. दर १० मिमीला ड्रिल बाहेर काढून भुसा झाडा, नाहीतर थर सुटतात.

असल्या काळपट लाकडात पितळी तार सगळ्यात उठून दिसते. टेंभुर्णीचा काळा गाभा मिळाला तर तोही तसाच. विडी वळायची पानं देणारं झाड आहे ते, आणि त्याचा गाभा आबनुसाच्या घरातला.

लाखेरी
सगळे कोरण्याच्याच मागे. आपल्या सावंतवाडीला आणि तिकडे चन्नपट्टणला लेथवर लाखेचे रंगीत पट्टे देतात, त्यात भिंतीचा प्रश्नच येत नाही. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणानंच ती वितळून बसते, मग केवड्याच्या पानानं दाबून चमक आणायची. दोन रंगांच्या मध्ये टोकदार पटाशीनं बारीक खाच पाडून घेतली की एक रंग दुसऱ्यात जात नाही. लाकूड मात्र ८० ते १२० च्या पेपरपर्यंतच घासा. गुळगुळीत लाकडावर लाख धरत नाही.

निबवाला
दिसतं सुंदर, पण शाईदौत यांनी गाडीचा उल्लेख केलाय. लाख ७० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डला तेवढा ताप सहज येतो. आणि सॅनिटायझर लागला की लाख विरघळतेच, ती स्पिरिटमध्येच विरघळते. खेळण्याला चालेल, रोज हाताळायच्या पेनाला नाही.

लाखेरी
टेबलावरच्या पेनाला चालेल की. आणि उन्हातल्या गाडीत फक्त लाखेचंच वाटोळं होतं असं नाही. घरच्या तापमानाला वाळलेलं साधं इपॉक्सीही ५०-६० अंशांना नरम पडायला लागतं. चादरीच्या पेनाला डॅशबोर्डवर ठेवायची मुभा नाही, हेही लिहा.

निबवाला
बरोबर आहे. तापाच्या बाबतीत तारेचं पेन सगळ्यात निर्धास्त.

दगडफोड
चुऱ्याचे पट्टे. शाईदौत, दगड निवडताना कठीणपणा बघा. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत अगेट सापडतो, नदीकाठी त्याचे खडेही मिळतात, रंग मोहक असतात. पण तो मोहसच्या १ ते १० मापावर ७ कठीणतेचा, पटाशीची धार जाते आणि लाकूड खाली उतरून दगड वर उंचवटा धरून राहतो. त्याच पोकळ्यांतलं स्टिल्बाइट ३.५ ते ४ चं, शिंपलाही त्याच घरातला, हे लाकडाबरोबर नीट उतरतात. मॅलाकाइटचा हिरवा सुंदर, पण त्याची धूळ तांब्याची, विषारी. घासायचंच असेल तर ओलं घासा आणि मास्क लावा. शिंपल्यालाही तेच.

खाच १ मिमी खोल, तळाशी सपाट. चुरा दोन जाडीचा: आधी मोठा रवाळ, मग फटींत पिठासारखा. त्यावर पातळ सीएचे थेंब. एका वेळी अर्ध्या मिमीपेक्षा जास्त भरू नका. जाड थरावर ॲक्सिलरेटर (सीए झटपट घट्ट करणारा फवारा) फवारलात की सीए उकळून फेसाळतो आणि पट्टा पांढुरका होतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात सीए सावकाश घट्ट होतो, कारण तो हवेतल्या ओलीवर जमतो. फवारण्यापेक्षा थांबणं बरं. बाटली फ्रीजमध्ये, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

स्वस्तात पितळी पट्टा हवा असेल तर चावी बनवणाऱ्याकडचा भुसा मागा. चुंबकानं लोखंड काढून टाका, चाळा, भरा.

दोरा_बॉबिन
रंगासाठी हळद-कुंकू घालू का, असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहिते: नको. इपॉक्सीचा हार्डनर हळदीला लालसर करतो आणि उन्हात हळदीचा रंग उडतो. हळदीकुंकवाचा मान हळदीकुंकवालाच राहू द्या.

शिंपलेकर
अख्खा शिंपला लावायचा असेल तर जपानी राडेन पद्धत बघा: पातळ पापुद्रे पृष्ठभागावर चिकटवायचे, वर उरुशीचे (झाडाच्या चिकाचं जपानी रोगण, आपली लाख नव्हे) हात देऊन घासून उघडे करायचे. पेन गोल आहे आणि पापुद्रा वाकत नाही, ही खरी अडचण. १३ मिमी व्यासावर ३ मिमी रुंद तुकडा कडांना ०.१७ मिमी अधांतरी राहतो, ५ मिमीचा जवळजवळ अर्धा मिमी. म्हणून २-३ मिमीच्या वर जाऊ नका. मोठं पान हवं असेल तर लहान तुकड्यांनी जुळवा.

चौकट
गाठीचा उल्लेख झाला, पण कृती कोणी लिहिली नाही. चौकोनी तुकडा तिरका कापायचा, फटीत पट्टी बसवायची, वाळल्यावर पुढच्या बाजूवर फिरवून पुन्हा तेच, चारही बाजूंनी. गोल कातल्यावर पट्ट्या एकमेकींत गुंफल्यासारख्या दिसतात. नियम एकच: पट्टीची जाडी करवतीच्या कापाएवढी. काप २ मिमीचा आणि पट्टी १.५ ची असेल तर प्रत्येक वेळी दोन भाग अर्धा मिमी सरकतात आणि आधीच्या पट्ट्यांची टोकं जुळत नाहीत. टाकाऊ लाकडावर काप देऊन तो मोजा, मग पट्टी घासून त्या मापाची करा.

४५ अंशांत कापलं तर १३ मिमी पेनावर गाठ १३ मिमी लांब येते, ३० अंशांत साधारण साडेबावीस. लांब गाठ डोळ्याला जास्त गोड दिसते, पण ५०-६० मिमीच्या तुकड्यात जागा बघून ठरवा. तुकडा चारही बाजूंनी काटकोनात हवा आणि भोक बरोबर मध्यातून. भोक अर्धा मिमी सरकलं तरी एक वेटोळं मोठं, समोरचं लहान.

ड्रिल करताना सांधे सुटू नयेत म्हणून तुकड्याला मास्किंग टेप घट्ट गुंडाळा. पट्टी ॲल्युमिनियमची किंवा पितळेची असेल तर सीए नको, इपॉक्सीच. धातू तापला की सीएचा सांधा तडकन सुटतो.

उभी_रेघ
माझं मत या सगळ्यांच्या विरुद्ध. चिंचेच्या जुन्या खोडात काळ्या रेषा उतरतात, शिसवात जांभळी लाट असते. त्यावर वेल, पट्टा, गाठ कशाला? नक्षी सपाट, मुक्या लाकडावर करा. धातूचं ओझंही मोजा: १३ मिमीची, आत १० मिमी भोक असलेली २ मिमी जाड पितळी चकती जवळजवळ ०.९ ग्रॅमची होते. वरच्या भागात अशा तीन-चार घातल्या की पेन मागे झुकतं आणि बोटं दुखतात.

कातारी
यातल्या पहिल्या भागाशी शंभर टक्के सहमत. जडावाला कडुनिंब, साधा साग, सरळ रेषेची बाभूळ. चकत्या घालायच्याच तर खालच्या भागात, बोटांच्या जवळ.

आणि धातू आला की घासण्याची पद्धत बदलते. पितळ-ॲल्युमिनियमची काळी धूळ फिकट लाकडाच्या छिद्रांत बसते आणि मग काही केल्या निघत नाही. घासायच्या आधी लाकडाला पातळ सीएचा एक हात देऊन छिद्रं बुजवा. लेथ बंद करून पेनाच्या लांबीत घासा, दर पेपरनंतर हवा मारा. टोकं सपाट करायला दातेरी बॅरल ट्रिमर धातूवर अडखळतो आणि तुकडा उडवतो, तिथे सँडिंग डिस्क वापरा.

रबरी
नळी नसलेल्या एबोनाइटच्या फाउंटन पेनावर हेच करायचं असेल तर चांदी वापरू नका. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. गंधकानं चांदी काळी पडते, तांबं-पितळही लवकर मळतं. खाचेला आधी इपॉक्सीचं अस्तर द्या आणि वरूनही झाका.

तारकस
रबरींनी चांदीचा विषय काढला म्हणून: बिदरी काम इथून जवळ, बिदरला होतं. जस्त-तांब्याच्या काळ्या केलेल्या धातूत चांदी. पेनाच्या मधल्या कडीसाठी त्याचा मोह होतो, पण तो धातू बहुतांशी जस्त, म्हणजे ठिसूळ. कडीची भिंत १ मिमीच्या खाली गेली तर दाबून बसवताना फुटते. टोपणाच्या माथ्यावर चकती म्हणून शोभून दिसेल.

शाईदौत
सगळ्यांचे आभार. म्हणजे ७ मिमीचं किट साध्या लाकडाला ठेवतो आणि नक्षीसाठी १० मिमी ड्रिलचं मागवतो. वरचा भाग चादरीच्या थरांचा, खालचा कडुनिंबाचा तार बसवलेला, असं एकाच पेनात चालेल का?

कातारी
चालेल. पण दोन्हींचं पॉलिश एकच ठेवा, नाहीतर एक भाग चकचकीत आणि एक मंद दिसतो. पातळ सीएचे दोन हात, मग मध्यम सीएचे सहा ते आठ, कागदी नॅपकिननं, मध्ये पुरेसं थांबून. चादरीच्या भागात कातल्यावर उघडे दोरे असतील तर तिथे आधी इपॉक्सीचा पातळ हात देऊन वाळू द्या, मगच सीए. शेवटी १५०० ते १२००० चे मायक्रोमेश (चमक आणायचे अतिबारीक घासकागद) पाण्यात. बुशिंगला मेणबत्ती चोळून ठेवा, नाहीतर सीए बुशिंग आणि पेन जोडून टाकतो आणि सोडवताना कड उडते.

तारकस
तार असलेल्या भागाला पहिले दोन हात झाल्यावर बोट फिरवून बघा. कुठे टोक लागत असेल तर तिथेच थांबून कानस लावा. सगळे हात देऊन झाल्यावर घासलंत तर पितळेवरचा थर निघतो आणि तेवढाच भाग महिन्याभरात काळवंडतो.

दोरा_बॉबिन
इपॉक्सी सकाळी लवकर कालवा. दुपारी ४० अंशांत ते डब्यातच तापून घट्ट होईल, चादरीचे अर्धे थर लावून व्हायच्या आत. जमल्यास पसरट ताटलीत कालवा, खोल पेल्यात नको.

शाईदौत
कडुनिंब घरात आहे. किट आलं की बुशिंगची मापं इथेच टाकतो, भिंत तपासून सांगा.